आधी शेपटी बांध

वैमानिकाचा परवाना हाती आला, आता विमानही घरीच बांधायचं म्हणतेस. बांध, पोरी. इथे अमेरिकेत गॅरेजमध्ये नऊ वर्षं खपून मी आरव्ही-७ हे किटचं विमान उभं केलं, म्हणून हक्काने सांगतो.

सगळं किट एकदम मागवू नकोस. आधी फक्त शेपटी घे. तिच्यावर चार-सहा महिने काढलेस की हे काम तुला मानवतं का ते कळेल.

पत्र्यावर शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. ग्रॅफाइट राहिलं की ॲल्युमिनियम तिथेच गंजतं, मार्कर वापर. भोक पाडलं की कडेची बर काढ, तडा तिथूनच सुरू होतो.

आता रिव्हेट. आतल्या बाजूला तयार होणारं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. गेज लावून बघ. गेजात बसत असेल तर नुसता देखणा नाही म्हणून काढू नकोस, काढतानाच जास्त नासतं. पण खरंच बिघडला असेल तर झाकू नकोस. एलिव्हेटरवर रात्री अकराला माझा एक रिव्हेट आडवा झाला. रंगाखाली जाईल म्हणून सोडला आणि तीन रात्री तळमळलो. चौथ्या दिवशी काढला: डोक्याच्या मधोमध, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल, मग पंचाने डोकं मोडून दांडी हलकेच बाहेर. ड्रिल खोल गेलं की भोक मोठं होतं. म्हणून दमल्यावर रिव्हेट गन हातात घ्यायची नाही.

रोज फोटो काढ, वही लिही. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केल्याचं एफएएला, म्हणजे इथल्या विमान नियामकाला, दाखवावं लागतं. पंख बंद करण्याआधी ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेच्या जवळच्या शाखेतल्या जाणत्याला आतून बघू दे. संघटना १९५३ ची, आणि ही मंडळी एकमेकांची विमानं अशीच तपासतात. आपल्या अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं, पण भारतात त्याच्या नोंदणीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं, ती मिळायला २०१७ उजाडलं. तुला इथे वाट आखलेली मिळते आहे, तिचा मान ठेव.

आणि बांधण्याच्या नादात उडणं सोडू नकोस. मी दोन वर्षं सोडलं होतं, हात जड झाला. पहिल्या उड्डाणाआधी त्याच जातीच्या विमानात प्रशिक्षकाबरोबर काही तास घे. पुढचे चाचणीचे तास, इंजिन-प्रोपेलरप्रमाणे २५ किंवा ४०, हौसेखातर कुणालाही शेजारी बसवायचं नाही. काकालासुद्धा. मी धावपट्टीपासून लांब खुर्ची टाकून बसेन.