पालवीला भुलू नका

लग्न होऊन वेळापुरात आले त्या पहिल्या पावसाळ्यात मी जास्वंदीची काडी लावली. आठव्या दिवशी तिला दोन नाजूक पानं फुटली. मी हरखून आत्याबाईंना हाक मारली (आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात). त्या आल्या, खाली बसल्या आणि एक शब्द न बोलता त्यांनी काडी अलगद उपसून माझ्या हातात दिली. खालचं टोक गुळगुळीत होतं. मुळाचा पत्ता नव्हता.

"पोरी, ही पालवी काडीच्या पोटातल्या शिदोरीवर फुटलीय. शिदोरी संपली की मान टाकंल. पालवीला भुलू नको."

पन्नास वर्षं झाली, अजून माझ्याकडे आयाबाया येतात आणि हेच सांगतात, "मावशी, आधी छान फुटली होती, मग अचानक वाळली." अचानक काही वाळत नाही. काडीला मूळ नसतं, म्हणजे पाणी ओढायला तोंडच नसतं. पानांतून मात्र पाणी उडतच राहतं. मूळ धरेपर्यंत काडीला दोनच भीती असतात, वरून वाळण्याची आणि खालून कुजण्याची. बाकीच्या साऱ्या युक्त्या या दोन्हींपासून तिला वाचवण्यासाठीच आहेत.

काडी निवडणं ही निम्मी लढाई. आमच्या माळशिरस तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये, कारण इथलं अख्खं उसाचं रान टिपरीनंच लागतं. जुनाट, वाळक्या उसाचं बेणं कोणी धरत नाही, डोळा फुगलेला आणि ताजा लागतो. तोच न्याय गुलाबाला, जास्वंदीला, तगरीला लावा. शेंड्याची लुसलुशीत फांदी कुजते, बुडाची जाड लाकडासारखी फांदी महिनोन् महिने रुसून बसते. मधली घ्या, पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. गुलाबाची घ्यायची तर नुकतंच फूल येऊन गेलेली फांदी उत्तम. काडीवर कळी असेल तर ती खुडा. जीव तुटतो, पण खुडा. कळी आणि मूळ दोन्ही पोसायची ताकद काडीत नसते.

काडी सकाळी कापावी, फांदी पाण्यानं भरलेली असते तेव्हा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, मुळं बहुधा तिथूनच फुटतात. आत्याबाई खालचा काप तिरका आणि वरचा आडवा घ्यायच्या, म्हणजे दहा काड्या एकत्र पडल्या तरी बूड कुठलं आणि शेंडा कुठला याचा घोळ होत नाही. उलटी खोचलेली काडी नीट लागत नाही, तिचं वर-खाली तिच्या अंगातच ठरलेलं असतं. खालची पानं काढून टाका, वरची दोन-तीन ठेवा आणि ती मोठी असतील तर कात्रीनं निम्मी करा. शेवग्याचा खुंट लावायचा तर तो हात-दीड हात लांब घ्यावा आणि वरच्या कापाला शेणाचा गोळा थापावा, म्हणजे तो वरून वाळत नाही.

चिकाच्या झाडांची गोष्ट वेगळी. चाफ्याची फांदी कापली की सावलीत आठवडाभर तशीच पडू द्या. काप सुकून खडखडीत झाला की मग लावा. ओल्या कापानं लावलेला चाफा कुजलाच म्हणून समजा. कण्हेर कापताना पोरांना लांब ठेवा, ती विषारी असते. हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

आता माती. आमच्याकडची काळी माती पिकाला सोनं आहे, पण काडीला ती घातकच. पाणी धरून ठेवते, हवा कोंडते आणि काडीचं बूड काळं पडतं. धुतलेली जाड वाळू घ्या. निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट चांगलं जमतं. शेणखत नको, रासायनिक खत तर नकोच. तोंड नसलेल्याला जेवण वाढून काय उपयोग? काडी थेट दाबून खोचू नका, साल सोलते. आधी खिळ्यानं किंवा काटकीनं भोक पाडा, त्यात काडी सोडा, दोन डोळे आत जाऊ द्या आणि बाजूनं बोटांनी घट्ट दाबा.

मूळ फुटण्याची पावडर दुकानात मिळते. तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं आणि तिचा उपयोग होतो, खास करून गुलाब, बोगनवेल, डाळिंब अशा हट्टी झाडांना. बूड ओलं करून चिमूटभर लावा आणि जास्तीची झटकून टाका. मध आणि हळद लावणारे पुष्कळ आहेत. हळदीनं बुरशीला थोडा अटकाव होत असेल, पण तिनं मूळ फुटत नाही. हे मी लावून आणि न लावून, दोन्ही करून पाहिलं आहे.

वेळ कोणती, यावर मी भांडायलाही तयार आहे. पुस्तकात लिहितात, पहिला पाऊस पडला की काड्या लावा. ते कोकणाला ठीक. आमच्याकडे माउलींची पालखी आषाढी एकादशीच्या चारेक दिवस आधी मुक्कामाला येते, तेव्हा आभाळ भरलेलं असतं, पण पाऊस थोडा आणि वारा फार. हा वारा काडीचं पाणी पिऊन टाकतो. सोलापूरचा खरा पाऊस उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. तेव्हा हवेत ओल असते, ऊन मऊ असतं आणि वारा पडलेला असतो. मोगरा, जास्वंद, तगर तेव्हाच लावा. डाळिंबाची आणि अंजिराची पिकल्या लाकडाची काडी मात्र हिवाळ्यात घेतात. एप्रिल-मे मध्ये काही लावू नका.

काड्यांना भिंतीचा आडोसा आणि सकाळचं कोवळं ऊन पुरे. पाण्याच्या बाटलीचं बूड कापून ती काडीवर पालथी घाला, आत ओल टिकते. रोज दहा मिनिटं झाकण उघडा, आणि बाटली उन्हात ठेवू नका, काडी शिजते. वाळूत बोट घालून बघा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी, चिखल नको.

एका वर्षी आमच्या अंगणात दिंडी उतरली होती. एका म्हाताऱ्या वारकरी बाईच्या डोईवरच्या वृंदावनातली तुळशीची डहाळी गर्दीत मोडली. तिचा चेहराच उतरला. आत्याबाईंनी डहाळीची मंजिरी खुडली, खालची पानं काढली, ती पेल्यातल्या पाण्यात ठेवली आणि म्हणाल्या, "माउली, ही मरत नाही." दोनेक आठवड्यांत पांढरी मुळं सुटली. तुळस, पुदिना, मनीप्लांट पाण्यात सहज लागतात. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की मातीत हलवा, फार उशीर करू नका. पाण्यातली मुळं नाजूक असतात, म्हणून पहिला आठवडा माती ओलसर ठेवा. त्या डहाळीची तुळस आमच्या वृंदावनात वाढली.

मोगऱ्याच्या काडीचा भरवसा वाटत नसेल तर दाबकलम करा. जमिनीलगतची फांदी वाकवा, मधल्या पेराशी साल थोडी खरवडा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा. आई पोसत राहते आणि मूळ निवांत धरतं. मग तोडा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. परसात डाळिंब लावायचं म्हणून कुणाच्याही बागेतली काडी किंवा गुटी आणू नका. तेल्या रोग अशाच रोपांतून आणि न धुतलेल्या कात्रीतून गावोगाव पोहोचतो. पानावर, फळावर तेलकट डाग दिसला तर त्या झाडाला हातही लावू नका. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, रोपाबद्दल शंका असेल तर तिथे विचारा. आणि काडी कुठलीही असो, दर झाडागणिक कात्री स्पिरिटनं पुसा.

मूळ धरलं हे ओळखायचं कसं? कापाशी आधी पांढरी गाठ येते आणि मुळं बहुधा त्यानंतर सुटतात. जास्वंदीला तीन ते पाच आठवडे लागतात, गुलाबाला चार ते सहा, बोगनवेलीला आणि डाळिंबाला दोन महिनेही. रोज उपसून पाहणारीच्या हातून काडी लागत नाही, कारण केसाएवढी मुळं तिथंच तुटतात. पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात लावा, मुळं बाहेरून दिसतील. ते नसेल तर महिन्यानं दोन बोटांनी अगदी हलकं वर ओढा. काडीनं अडवलं, तर लागली. मग बाटली काढा, आठ दिवस सावलीतच ठेवा आणि ऊन रोज थोडं थोडं वाढवा.

एकच काडी लावून तिच्यावर डोळे लावून बसू नका. दहा लावा. चार लागल्या तरी पुष्कळ, आणि त्यातली एक शेजारणीला द्या.