गल्ल्याचं नेट वेगळं ठेवा

धनत्रयोदशीला संध्याकाळी आमच्या साड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि स्वाइप मशीनवरचं चाक नुसतं गरगरत होतं. साउंडबॉक्स मात्र खणखणीत बोलत होता, कारण त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. मशीन दुकानाच्या वाय-फायवर. त्याच वाय-फायवर बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि भिंतीवरचा पासवर्ड वाचून मोबाइल काढून बसलेली नवरेमंडळी. साडीखरेदीला वेळ लागतोच, नेट तुंबणारच.

ते निस्तरताना जे दिसलं त्याने घाम फुटला. कॅमेरेवाल्याने डीव्हीआरला कंपनीचाच मूळ पासवर्ड ठेवला होता. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायचं ॲपही टाकून ठेवलं होतं, घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून. आमचं काही गेलं नाही. पण अमेरिकेतल्या 'टार्गेट' या दुकानसाखळीत २०१३ साली चोर शिरले ते वातानुकूलनाची कामं करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती घेऊन गेले.

तेव्हा गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचंच असेल तर राउटरमधलं 'गेस्ट' नेटवर्क द्या. कॅमेरे बिलिंगपासून तोडा. स्वाइप मशीनला सिम घाला, तेही ब्रॉडबँडहून वेगळ्या कंपनीचं. एक झोपली तर दुसरी जागी असते. फोनवरच्या ऑर्डरीसाठी कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे वहीत उतरवायची सवय कुठे असेल तर ती वही आजच फाडा. कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवणं हाही तोच प्रकार.

नेट लटकलं की खरी कसोटी काउंटरवरच्या पोराची. "काका, पैसे कटले, हे बघा," म्हणून कोणी मोबाइल पुढे करतो. त्यावर माल सोडू नये. आपल्या ॲपमध्ये जमा दिसली तरच. वाद घालू नये, यूटीआर नंबर लिहून घ्यावा. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. क्यूआरवर कोणी आपलं स्टिकर डकवलं नाही ना, हे रोज सकाळी स्वतः स्कॅन करून बघावं. फसवणूक झालीच तर आधी १९३०ला फोन, मग भाऊबंदांना.

कॅमेरेवाला हल्ली कुरकुरतो, प्रत्येक वेळी यावं लागतं म्हणून. येऊ दे, चहा पाजतो.