दार लावलं, फोन नाही लावला

रविवारी मावसबहिणीच्या डोहाळजेवणात फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. अंग जरा कसकसत होतं. म्हटलं, ऊन लागलं असेल. सोमवारी कामावरही गेलो, शेजारच्या टेबलावरच्या मित्राबरोबर डबा खाल्ला. रात्री बनियन काढताना पोटावर पाण्याचे तीन थेंब दिसले. पुसले, तर पुसले जाईनात. छत्तिसाव्या वर्षी कांजिण्या!

लगेच आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. केवढा समंजसपणा! फोन मात्र कुणालाच केला नाही. शुभकार्यात विघ्न आणलं, असं ऐकावं लागेल या भीतीनं दीड दिवस घालवला. डॉक्टरांनी आधी विचारलं, "पुरळ उठायच्या आधीचे दोन दिवस कुठे होता?" कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, तेही हवेतून. मोठ्या माणसाला औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू झालेलं बरं. तीही वेळ मी दवडली होती.

"दादा, कालच सांगायचंस ना," बहीण एवढंच म्हणाली. सातवा महिना. रक्ततपासणीत प्रतिपिंडं निघाली, म्हणून निभावलं. नसती, तर तिला दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. गरोदरपणात कांजिण्यांची लस चालत नाही.

आमचं बाथरूम एकच. सगळ्यांचं आटोपल्यावर मी जायचो, खिडकी सताड उघडी ठेवून. ताट आई आणायची, कारण तिला लहानपणी येऊन गेल्या होत्या. घरात असं माणूस असेल तर सेवा त्यानंच करावी. तिनं बाहेरच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली तेव्हा मी चिडलो. पण ती पाहून इस्त्रीवाला जिन्यावरूनच हाक मारू लागला आणि शेजारची बाळंतीण बाळाला घेऊन डोकावायची थांबली.

शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत बाहेर पडायचं नसतं. बहुतेकांना पाच-सात दिवस पुरतात, मला नऊ लागले. आठव्या दिवशी तयार होऊन बसलो होतो, तर मोबाईलच्या उजेडात हनुवटीखाली एक ओला फोड सापडला. बूट काढून ठेवले. डागांचं मनावर घेऊ नका. ते रेंगाळतात, पण त्यांची लागण होत नाही.

डब्याच्या मित्रालाही सांगून ठेवलं होतं : दहाव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत अंगावर लक्ष ठेव. पंधराव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "कानामागे एक दिसतोय रे. जिन्यातूनच परत फिरलो. बाथरूम आमचंही एकच आहे, तू काय करायचास?"