शिंपल्याची साक्ष

नदीच्या तळाशी वाळूत रुतून बसलेला शिंपला किती साधा प्राणी! संकट आले तर मासा पोहून दूर जातो. शिंपला मात्र आपली दोन कवाडे मिटून तेथेच राहतो. पण कवाडे किती वेळ मिटलेली ठेवणार? श्वासासाठी व अन्नासाठी त्याला पाणी आत घ्यावेच लागते. कल्ल्यांतून ते गाळून त्यातील सूक्ष्म कण तो खातो. बोटाच्या पेरांएवढा पट्टेरी शिंपलादेखील दिवसाला सुमारे १ लिटरपर्यंत पाणी गाळतो.

खाणी आणि धातूंना मुलामा देणारे कारखाने यांच्या सांडपाण्यातून कॅडमियम, शिसे, पारा असे जड धातू नदीत येतात. पालापाचोळा कुजून जातो. धातू मात्र नष्ट होत नाहीत. ते शिंपल्याच्या देहात कणाकणाने साचत जातात.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. शरीर कसे घडवावे, याचा लेखच जणू त्यावर कोरलेला असतो. हा धागा एरवीही अधूनमधून तुटतो. परंतु पेशी तो पुन्हा सांधते. कॅडमियमची करणी दुहेरी. त्याच्यामुळे धागे अधिक तुटतात आणि सांधण्याच्या कामातही विघ्न येते. बीजपेशींतील लेख बिघडला, तर तो बिघाड पुढील पिढीतही उतरू शकतो.

ही इजा डोळ्यांना कशी दिसावी? १९८४ साली स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली व १९८८ साली अमेरिकेत तिच्यात सुधारणा झाली. पेशी पारदर्शक लगद्याच्या पातळ थरात ठेवून त्यांची आवरणे विरघळवितात व त्या थरातून विजेचा प्रवाह सोडतात. तुटलेले धागे धन टोकाकडे ओढले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट पेशीचा डीएनए वाटोळा दिसतो. इजा झालेल्याला धूमकेतूसारखे शेपूट फुटते. म्हणून हिला धूमकेतू-परीक्षा म्हणतात.

पेलाभर पाणी तपासले, तर त्या क्षणाची हकीकत कळते. शिंपला कित्येक महिन्यांची सांगतो. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत १९९२ पासून पट्टेरी शिंपल्यांतील विषारी द्रव्ये मोजण्यात येऊ लागली.

मुलांनो, शिंपल्याला वाचा नाही. पण तो ज्या पाण्यात राहतो, तेच पाणी मासे, पक्षी आणि माणसे पितात. त्याची साक्ष वेळीच ऐकणे आपल्याच हिताचे आहे.

स्वाध्याय
१. संकटकाळी मासा व शिंपला यांच्या वागण्यात कोणता फरक असतो?
२. ‘कॅडमियमची करणी दुहेरी’ असे का म्हटले आहे?
३. शिंपल्याला ‘साक्षीदार’ म्हणणे योग्य आहे काय? सकारण लिहा.