सुटलेल्या वाचनाची थकबाकी भरू नका

प्रश्न : जानेवारीपासून रोज पहाटे बायबल वाचत होते. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली नि सगळं सुटलं. आता प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते. काय करू?
– एक भगिनी, पांढरकवडा

उत्तर : ताई, आधी मागची थकबाकी सोडून द्या. बायबलचे अध्याय १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून जास्त. महिना बुडाला की शंभरेक अध्याय अंगावर येतात आणि पुस्तक उघडायचीच धास्ती वाटते. वाचनाचा तक्ता ही माणसाने केलेली सोय, देवाची अट नव्हे. आज मार्ककृत शुभवर्तमान काढा. सोळाच अध्याय आहेत. दिवसाला अर्धा झाला तरी पुष्कळ. पहाट जमत नसेल तर शेतात ओटी बांधता बांधता एका वाक्याची प्रार्थना करा. मन कोरडं वाटलं तर ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणा.

राहिली लाज. योहानाचा २१वा अध्याय वाचा. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राकडे येशूने खुलासा मागितला नाही. कोळशाच्या विस्तवावर मासळी, सोबत भाकर, आधी न्याहारी! मग तीनदा प्रीतीविषयी विचारलं आणि मेंढरं त्याच्याच हवाली केली.

मंडळीतल्या एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवा, दर रविवारी विचारत जा म्हणून. पाळकांनाच सांगायला हवं असं काही नाही.