कागद आधी, पोलाद नंतर

जुनं रिव्हॉल्व्हर विकत घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती वर्षांचं आहे?’ त्याने आधी विचारायला हवं, ‘कुणाच्या परवान्यावर आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या वस्तूची किंमत शून्यही नसते. ती तुरुंगवासाच्या वर्षांत मोजावी लागते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. जुन्या हत्यारांवर माझा जीव आहे आणि या नादात चांगल्या घरांतली मुलं अडचणीत येताना मी पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

मी मालेगाव तालुक्यातला शेतकरी. वडिलांच्या परवान्यावरचं .३२ बोरचं वेब्ली त्यांच्यानंतर रीतसर माझ्या नावावर आलं. त्याची देखभाल शिकता शिकता जुन्या रिव्हॉल्व्हरांची ओळख होत गेली. आता कसमादेतून, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातून कुणाला असं काही घ्यायचं झालं की फोन येतो, ‘नाना, एकदा बघून द्या.’

असाच माझ्या चुलतभावाच्या मुलाचा फोन आला. डाळिंबाचं वर्ष बरं गेलं होतं, हातात पैसा होता आणि परवाना नुकताच मंजूर झाला होता. ‘काका, गिरणा नदीपलीकडे एका घरात साहेबाच्या काळातलं रिव्हॉल्व्हर आहे. शंभर वर्षांच्या पुढचं. अँटिक असल्यामुळे परवान्यावर चढवायचीही गरज नाही म्हणतात. उद्या गाडी घेऊन येतो, तुम्ही फक्त चला.’ मी म्हटलं, आधी मोबाइलवर फोटो पाठव. फोटो आला. मधोमध मोडून उघडणारी बांधणी, सहा इंची नळी, अंगावर वेब्लीचं नाव आणि पहिल्या महायुद्धातलं साल. ब्रिटिश फौजेने १९१५ साली स्वीकारलेलं वेब्ली मार्क सहा, .४५५ बोर. मी जायला नकार दिला आणि त्यालाही जाऊ दिलं नाही. काका कुरकुरे झालेत असं त्याला त्या दिवशी वाटलं असणार. पण त्या एका फोटोत तीन फसगती एकत्र होत्या आणि त्या तिन्ही आपल्याकडे सर्रास चालतात.

पहिली फसगत शंभर वर्षांची. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’ धरतात आणि त्याला बरीच मोकळीक मिळते. तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्या मुलांना वाटतं की इथेही तसंच असेल. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात वयाची अशी सरसकट सूट नाही. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांचा उल्लेख आहे. विकणारे तेवढंच वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्या वाक्याला पुढे अट आहे: दुरुस्त करून किंवा न करताही ते बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसलं पाहिजे. चाप ओढल्यावर फिरणारं आणि घोडा आपटणारं रिव्हॉल्व्हर या सुटीत कसं बसेल? ‘चालत नाही, पण कारीगर तासाभरात चालू करून देतो’ असं विकणारा सांगतो, तेव्हा ती सूट त्याने स्वतःच्याच तोंडाने घालवलेली असते.

दुसरी फसगत बोरची. .४५५ आणि .३८० ही फौजेची काडतुसं. ती ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारा साधा परवाना त्यांना चालत नाही. तो अधिकार केंद्र सरकारचा आहे. म्हणजे आमच्या पुतण्याच्या खिशात परवाना असूनही ते हत्यार बेकायदेशीरच ठरलं असतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बेकायदा बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे आणि ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. डाळिंबाच्या एका वर्षाच्या कमाईत एवढं विकत घेण्याची कुणालाही गरज नाही.

तिसरी फसगत चकाकीची. फोटोतलं रिव्हॉल्व्हर आरशासारखं लखलखत होतं. महायुद्धात खपलेलं पोलाद शंभर वर्षांनी असं दिसत नाही. पण या फसगतीकडे यायच्या आधी बाजारभाव समजून घेऊ.

आपल्याकडे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचे भाव इतके चढे का? त्यात पुराणवस्तूचं प्रेम थोडं आणि टंचाई फार. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्याआधी जी वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन देशात आली, तीच परवान्यांवरून परवान्यांवर फिरत राहिली. मागणी वाढली, माल तेवढाच. म्हणून परदेशात मध्यम प्रतीचं समजलं जाणारं .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर इथे काही लाखांना मागितलं जातं. दुसऱ्या बाजूला कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ बोरची रिव्हॉल्व्हरं बनतात. २०१४ साली तिथलं वजनाला हलकं ‘निर्भीक’ बाजारात आलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. अलीकडे उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात वेब्लीच्या नावानेही उत्पादन सुरू झालं आहे. टंचाईवर उभा असलेला भाव टंचाई सैल झाली की खाली बसतो. म्हणून जुन्या नगावर कुणी ‘गुंतवणूक’ हा शब्द लावला की मी सावध होतो.

किंमत लावताना आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २०१९पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं बाळगता येतात. वारशाने आलेलंही त्याच दोनांत धरलं जातं. म्हणजे हौसेखातर घेतलेला झिजलेला नग तुमच्या दोन जागांपैकी एक कायमची अडवतो. ज्याला बिबट्याच्या भीतीने रात्री मळ्यात पाणी द्यायला जावं लागतं आणि ज्याच्याकडे बारा बोर आधीच आहे, त्याने आपली उरलेली जागा कशासाठी खर्चायची हे पैशाच्या आधी ठरवावं.

आता पोलादाकडे. कागद बरोबर असलेलं, .३२ बोरचं आणि परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात ठेवलेलं रिव्हॉल्व्हर समोर आलं असं धरू. मालकाच्या किंवा दुकानदाराच्या हातून, त्यांच्या समोरच ते पाहायचं. आधी उघडायला लावा आणि सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. अनुभवी माणसाने ‘रिकामंच आहे’ म्हटलं तरी.

मग घोडा अगदी सावकाश मागे ओढायला सांगा. घोडा अडकण्याच्या आत किंवा अडकताना सिलिंडर आपल्या खाचेत पक्कं बसलं पाहिजे. घोडा पूर्ण मागे गेला आणि सिलिंडर अजून केसभर मागे रेंगाळत असेल, तर गोळी नळीच्या तोंडाशी सरळ भिडणार नाही. कडेला घासून शिशाचे कपचे बाहेर उडतील. हे एकाच घरावर तपासून थांबू नका, प्रत्येक घरावर तपासा. मी पाहिलेल्या एका नगात पाच घरं ठीक होती, सहावं चुकत होतं. दुकानदार प्रामाणिक होता, पण त्यालाही ते माहीत नव्हतं. मालकाने तिथल्या तिथे भाव उतरवला आणि घेणाऱ्याने आधी कारीगराला दाखवून मगच पैसे दिले.

घोडा चढवलेला असताना अंगठ्याने त्याला मागून हलकेच पुढे ढकलून बघायला लावा. चापाला हात न लावता तो पडला तर ते हत्यार त्या क्षणी नाकारा. नंतर सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा. थोडी हालचाल जुन्या नगात असतेच, पण खडखड ऐकू आली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला हवा. मधोमध मोडणाऱ्या वेब्लीत आणखी दोन जागा बघायच्या: खालची बिजागरी आणि वरची कडी. बंद केल्यावर नळी धरून डावी-उजवीकडे हलवली आणि ती डुलली, तर ते रिव्हॉल्व्हर खूप वेळा झटक्याने उघडलं-मिटलं गेलं आहे. सिनेमात हिरो एका हाताने झटका देऊन उघडतो ना, त्याच खोडीने चांगली चांगली वेब्ली ढिली झाली.

नळी उजेडाकडे धरून आतून बघा. आट्या धारदार दिसल्या पाहिजेत. धूसरपणा कधी नुसती घाण असते. तेलाचा बोळा फिरवून पुन्हा बघा. पण जुन्या काडतुसांच्या क्षाराने पोलादात खड्डे पडले असतील, तर ते पुसून जात नाहीत. नळीत मध्येच अंगठीसारखी गोल सावली दिसली तर कधीकाळी आत गोळी अडकून नळी फुगली आहे. तो नग भिंतीवर टांगण्यापुरताच, आणि भिंतीवर टांगण्यासाठीही परवाना लागतोच.

काडतुसाचीही एक अडचण आहे. खिशात मावणाऱ्या जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरांवर नुसतं ‘३२’ लिहिलेलं असतं. त्यांतली कित्येक आखूड काडतुसाची आहेत. आज आपल्याकडे मिळणारं लांब काडतूस त्यांत पुरतं बसत नाही. घर खोदून लांब करण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. त्या जुन्या पोलादाला तो दाब झेपणार आहे याची हमी कोण देणार?

आणि मग चकाकी. गुळगुळीत, काळीभोर किंवा क्रोम चढवलेली. बैल विकायला आणताना शिंगं रंगवतात, तसंच हेही. नव्याने पॉलिश केलेलं हत्यार ओळखायला भिंग पुरतं. कारखान्यातून आलेल्या कडा टोकदार असतात. पॉलिशच्या चाकावर त्या गोलावतात. नाव, क्रमांक आणि मुकुटाखालची परीक्षणाची अक्षरं पुसट होतात, त्यांच्या रेघा पसरलेल्या दिसतात. स्क्रूच्या भोवतालची जागा बशीसारखी खोलगट होते. निळ्या रंगाच्या खाली खड्डे दिसले, तर गंज आधी होता आणि रंग नंतर आला, एवढं कळायला दुसरा पुरावा नको. माझं मत स्पष्ट आहे: मूळ रंग निम्मा उडालेलं, पण कडा आणि अक्षरं शाबूत असलेलं रिव्हॉल्व्हर लखलखीत नगापेक्षा जास्त मोलाचं. झीज हा त्याचा खरा इतिहास असतो. पॉलिशवाल्याने तो खरवडून टाकलेला असतो, आणि तो परत आणता येत नाही.

सांगाडा, सिलिंडर आणि नळी यांवर क्रमांक असले तर ते एकमेकांशी जुळतात का बघा, आणि परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. एक आकडा खोडून पुन्हा ठोकलेला वाटला तरी व्यवहार थांबवा.

गोष्टींचेही पैसे लावतात. नाशिक जिल्ह्यात तर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक जॅक्सनच्या वधाची. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ‘त्याच कटातलं आहे’ म्हणून रिव्हॉल्व्हर दाखवणाऱ्याला मी एवढंच सांगतो की कान्हेऱ्यांच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होतं, आणि लंडनहून गुप्तपणे आलेली हत्यारंही ब्राउनिंगच होती. पिस्तुलाला फिरतं सिलिंडर नसतं. दुसरी गोष्ट आमच्या किल्ल्याची. नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या मालेगावच्या भुईकोटाला इंग्रजांनी १८१८च्या मे-जूनमध्ये वेढा घातला आणि आतल्या अरब शिबंदीने तो निकराने लढवला. या मातीतल्या प्रत्येकाला त्याचा अभिमान आहे, मलाही. पण कोल्टने आपल्या रिव्हॉल्व्हरचं अमेरिकी पेटंट घेतलं ते १८३६ साली. त्या वेढ्यातलं रिव्हॉल्व्हर कुणी दाखवत असेल तर तो आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा बाजार मांडतो आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. गोष्टीला किंमत द्यायची तर तिच्यासोबत कागद हवा: जुना परवाना, दुकानाची पावती, त्यावर तोच क्रमांक. असा पिवळा पडलेला कागद असला तर जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही.

सौदा ठरला तरी पैसे एकदम देऊ नका. खासगी परवानाधारकाकडून हत्यार घ्यायचं, तर विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस जावे लागतात. हा काळ जाच वाटतो, पण घेणाऱ्यासाठी तो फायद्याचा आहे. या दिवसांत मोहाचा भर ओसरतो आणि कारीगराचा लेखी अभिप्रायही घेता येतो. आपल्या परवान्यावर ‘रिव्हॉल्व्हर’ आणि बोर नेमकं लिहिलेलं आहे का, खरेदीची मुदत संपलेली नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्या. ताबा घेतला की हत्यार आणि परवाना दाखवून नोंद करून घ्या.

पुतण्याने पुढे काय केलं ते सांगतो, कारण गिरणेपलीकडचं ते घर तसंच राहिलं असतं तर प्रश्न संपला नसता. त्या घरात म्हातारे परवानाधारक वारले होते, आणि माळ्यावरच्या पेटीत काय आहे हे सुनेला पुष्कळ काळाने कळलं. विकायला निघालेला मध्यस्थ तिचा कुणी नव्हता. पुतण्याने तिला वकिलाकडे नेलं. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, कलम २१ प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं; वारसाला ते हवं असेल तर परवान्यासाठी अर्ज त्यानंतर करता येतो. तिने पेटीतला जुना परवाना शोधला, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, हत्यार जमा केलं आणि पोच घेतली. तुमच्या घरातही अशी पेटी असेल तर गिऱ्हाईक बोलावण्याच्या आधी हाच क्रम धरा: पेटीतलं हत्यार हाताळू नका, कागद शोधा, वकिलाला सोबत घ्या, अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्या आणि ती जपून ठेवा.