बिनतारी व्याख्यान आणि बिनबोलावलेला पाहुणा

व्याख्यान संपलें, टाळ्या झाल्या, म्हणजे विषय संपला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु खरा अभ्यास कित्येकदां त्यानंतरच सुरू होतो. याचें एक बोधप्रद उदाहरण आम्ही येथें देत आहों.

ता. ४ जून १९०३ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रोफेसर फ्लेमिंग यांचें बिनतारी संदेशांवर व्याख्यान होतें. सुमारें ३०० मैल दूर असलेल्या पोल्धू येथून मार्कोनी यांनीं संदेश धाडावा व तो श्रोत्यांसमक्ष घ्यावा, असा बेत होता. आपलीं यंत्रें एका विशिष्ट स्वरावर जुळविलेलीं असल्यामुळें परक्यास संदेश चोरतां येणार नाहीं, असा मार्कोनींचा दावा होता. इतक्यांत सभागृहांत अकल्पित टिकटिक सुरू झाली! मदतनीस ब्लॉक यांनीं तींतून मोर्सचीं अक्षरें जुळविलीं, तों एकच शब्द पुनःपुन्हां येई: ‘रॅट्स’, म्हणजे उंदीर! ‘निव्वळ थापा’ अशा अर्थींही इंग्रज लोक तो योजीत. मागोमाग मार्कोनींची टवाळी करणारें एक पद्यही आलें. फ्लेमिंग यांस ऐकूं कमी येई. त्यांचें व्याख्यान चालूच राहिलें.

पुढें ता. ११ जूनच्या ‘टाइम्स’ पत्रांत फ्लेमिंग यांनीं या प्रकारास शास्त्रीय गुंडगिरी ठरवून गुन्हेगाराचा शोध देण्याविषयीं वाचकांस विनंति केली. शोध करावा लागलाच नाहीं! दोनच दिवसांनीं नेव्हिल मास्केलीन नांवाच्या जादूगारानें त्याच पत्रांत उत्तर दिलें कीं, हें कृत्य माझेंच. तुमचा दावा पारखण्यास दुसरा मार्ग नव्हता.

आतां यांतील शास्त्र पाहूं. त्या काळीं ठिणगीच्या यंत्रानें लहरी उत्पन्न करीत. ठिणगीपासून एकाच स्वराच्या नव्हे, तर अनेक कंपनसंख्यांच्या लहरी निघतात. असें यंत्र जवळ असलें, म्हणजे जुळविलेल्या ग्राहकासही त्याचा धक्का बसतो. शिवाय स्वर जुळविणें निराळें आणि गुप्तता निराळी. जो तोच स्वर जुळवील, त्यास संदेश ऐकूं येईलच. म्हणूनच आजच्या मोबाइल फोनमध्यें संभाषण सांकेतिक रूपांत बदलून मगच पाठवितात.

दोषी कोण? आमच्या मतें, परक्याच्या सभेंत विघ्न आणणें शिष्टाचारास सोडून होतें; मास्केलीन यांची शंका मात्र रास्त होती. ज्या प्रयोगांत विरोधकास हात घालूं दिला नाहीं, तो प्रयोग देखणा असेल, पण निर्णायक नव्हे. फ्लेमिंग यांचेंही थोरपण या फजितीनें उणें झालें नाहीं. पुढील वर्षीं, म्हणजे १९०४ सालीं, त्यांनींच निर्वात नळीचा शोध लावला आणि रेडिओच्या प्रगतीस मोठा हातभार लाविला.

मुलांनो, आपल्या शाळेच्या सभेंत तुम्ही निबंध वाचाल, तेव्हां शेवटीं शंका विचारणाऱ्यावर रागावूं नका. आणि शंका विचारणाऱ्यांनो, ती उघडपणें, उभें राहून विचारा. उंदरांना मध्यें आणूं नका!